भाव वाढला तर मागणी किती घटेल? सरळ रेषेचे गणित आणि बाजाराचा चकवा

नगर-मनमाड मार्गाने शिर्डीकडे जाणाऱ्या प्रवाशाला राहाता आल्याचे पाटी वाचण्याआधीच कळते. रस्त्याच्या कडेला पेरूंचे ढीग दिसू लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) हा तालुका पेरूच्या बागांसाठी महाराष्ट्रभर ओळखला जातो. या ढिगांमागे बसणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला रोज सकाळी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. आज भाव काय सांगायचा? किलोमागे दहा रुपये वाढवले तर किती गिऱ्हाईक तुटेल आणि कमी केले तर किती जोडले जाईल?

हाच प्रश्न बाजार समितीत कांद्याची ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पडतो, बसभाडे ठरविणाऱ्या महामंडळाला पडतो आणि निर्यातीवर निर्बंध घालणाऱ्या केंद्र सरकारलाही पडतो. अनुभवी विक्रेता त्याचे उत्तर अंदाजाने देतो आणि बहुतेकदा ते बरोबरही येते. पण अंदाजाला आकड्यांची जोड द्यायची असेल तर सांख्यिकीतील एक जुनी आणि सोपी पद्धत उपयोगी पडते. तिला मराठी परिभाषेत ‘रेषीय समाश्रयण’ म्हणतात. महाविद्यालयांत आणि कार्यालयांत ती ‘लिनिअर रिग्रेशन’ या नावानेच अधिक परिचित आहे. पद्धत सोपी असली तरी तिच्यात एक मोठा चकवा दडलेला आहे. तो न ओळखणाऱ्याला तीच रेषा नेमके उलटे उत्तर देते.

रेषेचा जन्म

भाव आणि विक्री यांच्या नोंदी आलेखावर मांडल्या की ठिपक्यांचा एक पुंजका दिसतो. हे ठिपके सहसा एका रेषेत बसत नाहीत. एखाद्या दिवशी पाऊस असतो, एखाद्या दिवशी लग्नतिथी असते. या पुंजक्यातून अशी एक सरळ रेषा काढायची, की ठिपक्यांपासून तिचे एकूण अंतर कमीत कमी राहील. अंतरे मोजताना प्रत्येक ठिपका रेषेच्या किती वर किंवा खाली आहे ते पाहायचे, त्या फरकाचा वर्ग करायचा आणि सर्व वर्गांची बेरीज किमान होईल अशी रेषा निवडायची. ही ‘लघुतम वर्ग’ पद्धत होय. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मन गणिती गाउस यांनी १८०९ च्या आपल्या ग्रंथात ती मांडली. तिचा पहिला उपयोग झाला तो धूमकेतू आणि ग्रहांच्या कक्षा ठरविण्यासाठी.

‘रिग्रेशन’ हा शब्द मात्र पुढे इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी रूढ केला. आईवडिलांची उंची आणि मुलांची उंची यांची तुलना करताना १८८६ मध्ये त्यांना आढळले, की फार उंच आईवडिलांची मुले उंच असली तरी सरासरीच्या दिशेने थोडी मागे सरकतात. या ‘मागे सरकण्या’वरून पद्धतीला नाव मिळाले आणि तिचा मूळ संदर्भ सुटल्यावरही ते टिकून राहिले.

भाव आणि माल यांचा आकड्यांतील संबंध शोधण्याचा प्रयत्न याहूनही जुना आहे. चार्ल्स डॅव्हेनंट या इंग्रज लेखकाने १६९९ मध्ये धान्याचा एक तक्ता छापला. तो ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखला जातो. पीक नेहमीपेक्षा एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशाने वाढतो. दोन दशांशाने घटले तर आठ दशांशाने. आणि पीक निम्म्यावर आले तर भावात मूळ भावाच्या साडेचार पट भर पडते, असे त्या तक्त्याचे म्हणणे. धान्यासारख्या गरजेच्या वस्तूत थोड्याशा टंचाईने भाव किती उसळतो, याचे हे पहिल्या काही लेखी उदाहरणांपैकी एक मानले जाते.

पाच दिवसांचा हिशेब

पद्धत समजण्यासाठी राहात्याजवळच्या एका काल्पनिक पेरूविक्रेत्याची वही घेऊ. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. बागेतून माल ज्या भावाने आला त्यानुसार या विक्रेत्याने पाच साध्या दिवशी पाच वेगवेगळे भाव लावले. त्याची विक्री अशी झाली :

४० रुपये किलो : ९७ किलो
५० रुपये किलो : ८२ किलो
६० रुपये किलो : ७४ किलो
७० रुपये किलो : ५८ किलो
८० रुपये किलो : ४९ किलो

सरासरी भाव ६० रुपये आणि सरासरी विक्री ७२ किलो. आता प्रत्येक दिवसाचा भाव सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचे : उणे २०, उणे १०, शून्य, १० आणि २०. विक्रीचेही तसेच : २५, १०, २, उणे १४ आणि उणे २३. प्रत्येक दिवसाच्या या दोन आकड्यांचा गुणाकार करून बेरीज केली तर उणे १,२०० येतात. भावाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १,००० येते. पहिल्या बेरजेला दुसरीने भागले की उणे १.२ हे उत्तर मिळते. हाच रेषेचा चढ. इथे तो उणे आहे, म्हणजे रेषा खाली उतरते. किलोमागे एक रुपया वाढला की रोजची विक्री सरासरी १.२ किलोने घटते.

सरासरी बिंदूतून हा चढ मागे नेला की रेषेचे पूर्ण समीकरण मिळते : विक्री बरोबर १४४ वजा १.२ गुणिले भाव. या सूत्रानुसार ५० रुपये भावाला ८४ किलो विक्री अपेक्षित होती. प्रत्यक्षात ८२ झाली. ६० रुपयांना ७२ अपेक्षित होती, ७४ झाली. पाचही दिवसांचा फरक दोन किलोंच्या आत आहे. विक्रीतील एकूण चढउतारापैकी सुमारे ९९ टक्के भाग केवळ भावाने समजावता येतो. खऱ्या वहीत इतकी सुबक रेषा क्वचितच सापडते. एक्सेलसारख्या संगणकीय तक्त्यात हेच काम काही सेकंदांत होते. पण हातवही आणि पेन्सिल घेऊन ते एकदा केले तर रेषेत कोणता आकडा कुठून आला हे मनात पक्के बसते.

गल्ल्यात काय पडते?

एक रुपयाला १.२ किलो हा आकडा या एका दुकानापुरता आहे. पेरूची तुलना कांद्याशी किंवा राहात्याची मुंबईशी करायची तर किलो आणि रुपये बाजूला ठेवून टक्क्यांत बोलावे लागते. भाव एक टक्का वाढला तर मागणी किती टक्के घटते, या प्रमाणाला ‘मागणीची लवचिकता’ म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मधील आपल्या ग्रंथातून ही संकल्पना रूढ केली.

सरळ रेषेवर चढ सर्वत्र सारखा असला तरी लवचिकता सारखी नसते. वरील रेषेवर ४० रुपये भावाला लवचिकता ०.५ आहे, ६० रुपयांना १ आणि ८० रुपयांना २. त्याचा परिणाम थेट गल्ल्यावर दिसतो. रेषेच्या अंदाजानुसार ४० रुपये भावाला ९६ किलो विकून ३,८४० रुपये जमा होतात. ६० रुपये भावाला ७२ किलो विकून ४,३२० रुपये मिळतात. ८० रुपये भावाला ४८ किलोच विकला जातो आणि गल्ला पुन्हा ३,८४० वर येतो. लवचिकता एकपेक्षा कमी असते तोवर भाव वाढवून गल्ला वाढतो. एकच्या पुढे गेली की तोच भाव गल्ला खाऊ लागतो.

अर्थात गल्ला म्हणजे नफा नव्हे. खरेदी, वाहतूक आणि हमाली मिळून माल किलोला ३० रुपयांना पडत असेल, तर सर्वाधिक नफ्याचा भाव ६० नसून ७५ रुपये ठरतो. त्या भावाला ५४ किलो विकून २,४३० रुपये सुटतात. ६० रुपयांच्या भावाला २,१६० सुटतात. पण हे गणित सकाळी माल घेताना करायचे. संध्याकाळी पिकलेला पेरू पाटीत उरला असेल, तर खरेदीचे पैसे आधीच गेलेले असतात आणि उद्या त्या फळाला भाव नसतो. अशा वेळी ३० रुपयांचा हिशेब धरून अडून बसणे तोट्याचे. दिवस मावळताना फळांचे भाव का उतरतात, याचे उत्तर या साध्या फरकात आहे.

गुरुवारचा चकवा

राहाता तालुक्यातच शिर्डी आहे आणि गुरुवारी तेथे साईभक्तांची गर्दी वाढते. आपल्या विक्रेत्याच्या वहीत आणखी दोन दिवसांची भर घालू. दोन्ही गुरुवार आहेत. गर्दी पाहून त्याने एका गुरुवारी ९० रुपये भाव लावला आणि १०६ किलो विकले. दुसऱ्या गुरुवारी १०० रुपये लावला आणि ९४ किलो विकले.

आता सातही दिवसांची मिळून एक रेषा काढली तर सरासरी भाव ७० रुपये, सरासरी विक्री ८० किलो आणि रेषेचा चढ अधिक ०.०५ येतो. भाव दहा रुपयांनी वाढवला तर विक्री घटण्याऐवजी अर्धा किलोने वाढते, असे ही रेषा सांगते. गणितात कुठेही चूक नाही. तरीही या रेषेवर विसंबून जो विक्रेता सोमवारी १०० रुपये भाव लावील, त्याच्यापाशी संध्याकाळी पेरूंचा ढीग उरेल.

चकवा कुठे झाला? गुरुवारी दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. गर्दी वाढली आणि त्या गर्दीमुळेच भावही वाढवला गेला. रेषेला केवळ भाव आणि विक्री दिसतात. गर्दी तिला दिसत नाही. त्यामुळे गर्दीने आणलेली विक्री ती भावाच्या खात्यावर जमा करते. संख्याशास्त्रात या प्रकाराला ‘सुटलेल्या घटकाचा दोष’ म्हणता येईल.

त्यावरचा उपाय वहीत एक स्तंभ वाढविण्याचा आहे. गुरुवार असेल तर १, नसेल तर ०. मग भाव आणि गुरुवार या दोन घटकांवर मिळून समाश्रयण करायचे. तसे केले की समीकरण असे येते : विक्री बरोबर १४४ वजा १.२ गुणिले भाव, अधिक ७० गुणिले गुरुवार. भावाचा खरा परिणाम, उणे १.२, पुन्हा जागेवर येतो आणि गुरुवारची गर्दी स्वतंत्रपणे ७० किलोंची भर घालते हेही समजते. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी या उत्सवांचे दिवस, शाळांच्या सुट्ट्या, पाऊस आणि शेजारच्या विक्रेत्याचा भाव यांसाठीही असेच स्तंभ करता येतात.

मात्र एक पथ्य पाळावे लागते. स्तंभ वाढतील तशा नोंदीही वाढल्या पाहिजेत. सात दिवसांच्या वहीवर सहा घटक लादले तर रेषा ठिपक्यांना तंतोतंत चिकटेल, पण उद्याविषयी काहीच सांगणार नाही.

बाजार समितीत प्रश्न उलटा होतो

रस्त्यावरचा विक्रेता भाव ठरवतो आणि मग किती माल जातो ते पाहतो. बाजार समितीच्या आवारात क्रम उलटा असतो. तेथे सकाळी किती माल आला हे आधी ठरते आणि लिलावात भाव नंतर निघतो. म्हणून तेथील अभ्यासात आवक हे कारण आणि भाव हा परिणाम धरणे अनेकदा अधिक योग्य असते.

हा फरक पेरूत स्पष्ट दिसतो. झाडावर पिकलेला पेरू थांबत नाही. तोडला की दोन-चार दिवसांत विकावाच लागतो. त्यामुळे आजची आवक आजच्या भावावर फारशी अवलंबून नसते. ती ठरते काही महिन्यांपूर्वी धरलेल्या बहराने. मृग बहराची फळे साधारणतः हिवाळ्यात येतात, हस्त बहराची उन्हाळ्याच्या तोंडावर आणि आंबे बहराची पावसाळ्यात. महाराष्ट्रात रुजलेला ‘सरदार’ अर्थात ‘लखनौ-४९’ हा वाण १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी निवडला. बहर कोणता धरायचा, हा निर्णय शेतकऱ्याच्या हातातील भावावरचा सर्वांत मोठा लगाम आहे.

उन्हाळी कांद्याचे तसे नाही. तो चाळीत काही महिने टिकतो. भाव पडला की शेतकरी ट्रॉली भरत नाही, वाढला की चाळ उघडतो. म्हणजे आवक भाव ठरवते आणि भावही आवक ठरवतो. अशा बाजारातील आवक आणि भाव यांच्यामधून काढलेली रेषा ग्राहकाची मागणी दाखवते की शेतकऱ्याचा पुरवठा, हे रेषेकडे पाहून सांगता येत नाही.

मुबलक पीक, रिकामा खिसा

शेतमालाच्या बाबतीत लवचिकतेचा आकडा पुस्तकी राहत नाही. तो घरखर्चापर्यंत पोहोचतो. समजा एखाद्या पिकाची मागणी भावाला फारशी दाद देत नाही आणि लवचिकता ०.५ आहे. आवक दहा टक्क्यांनी वाढली तर तो सगळा माल खपण्यासाठी भाव सुमारे वीस टक्क्यांनी उतरावा लागतो. १०० क्विंटलचे ११० क्विंटल झाले, पण १०० रुपयांचा भाव ८० वर आला. हाती येणारी रक्कम १०० वरून ८८ वर घसरली. पीक वाढले आणि उत्पन्न बारा टक्क्यांनी बुडाले. काढणी, वाहतूक, तोलाई आणि हमालीचा वाढीव खर्च त्यात धरलेलाही नाही. चांगला पाऊस झालेल्या वर्षीही शेतकरी का चिंतेत असतो, याचा उलगडा येथे होतो.

उलट दिशेने हेच गणित शहरी ग्राहकाला चटका लावते. आवक थोडी घटली तरी भाव कितीतरी अधिक वाढतो, कारण फोडणीतला कांदा कोणी लगेच सोडत नाही. त्यामुळे कांद्याच्या भावावर सरकारचे लक्ष असते. केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये, पुन्हा सप्टेंबर २०२० मध्ये आणि त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. यांतील शेवटची बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. त्या वेळी किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क यांची अट होती. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आणले गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही काढण्यात आले. जो अभ्यासक या काळातील आवक आणि भाव यांची रेषा काढील त्याला बंदीचे दिवस वेगळे दाखवावे लागतील. बंदीच्या काळात परदेशी ग्राहक बाजारातून नाहीसा झालेला असतो. आवक घटलेली असूनही भाव पडलेला दिसेल आणि गुरुवारसारखाच चकवा उलट्या अंगाने होईल.

लोखंडापासून मासळीपर्यंत

या चकव्यात भले भले अडकले आहेत. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांनी १९१४ मध्ये आकडेवारीवरून मागणीच्या रेषा काढल्या. शेतमालाच्या रेषा अपेक्षेप्रमाणे उतरत्या निघाल्या, पण कच्च्या लोखंडाची रेषा चढती निघाली. मूर यांनी हा मागणीचा नवा प्रकार मानला. समीक्षकांनी दाखवून दिले, की तेजीच्या काळात लोखंडाची मागणीच सरकते आणि भाव व खप दोन्ही बरोबर वाढतात. मूर यांना जी मागणीची रेषा वाटली ती पुरवठ्याची असू शकते. १९२७ मध्ये एल्मर वर्किंग यांनी हा मुद्दा नेटका मांडला. बाजारातील प्रत्येक ठिपका मागणी आणि पुरवठा यांच्या छेदावर पडतो. मागणी स्थिर राहून पुरवठा हलला तर ठिपके मागणीची रेषा रेखाटतात. पुरवठा स्थिर राहून मागणी हलली तर पुरवठ्याची. दोन्ही हलले तर ठिपके कोणाचीच रेषा दाखवत नाहीत.

त्यातून वाट काढली फिलिप राइट यांनी. प्राणिज आणि वनस्पती तेलांवरील आयातकराविषयीच्या १९२८ च्या ग्रंथाच्या परिशिष्टात त्यांनी सुचवले, की असा एखादा बाहेरचा घटक शोधावा जो पुरवठा हलवतो पण ग्राहकाच्या आवडीला हात लावत नाही. भावातील जेवढी हालचाल त्या घटकामुळे झाली तेवढीच विचारात घ्यावी. न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळीबाजारातील व्यवहारांचा कॅथरिन ग्रॅडी यांनी केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे तो या पद्धतीचे नमुनेदार उदाहरण ठरला. समुद्रात वादळ असले की मासळी कमी येते आणि भाव चढतो. शहरातल्या माणसाची मासे खाण्याची इच्छा मात्र समुद्रातील लाटांनी बदलत नाही.

आपल्याकडे अवकाळी पाऊस किंवा गारपीट हा असा घटक होऊ शकतो. राहात्याच्या बागेत गारा पडल्या म्हणून मुंबईच्या ग्राहकाची पेरूची आवड कमी होत नाही. पण येथेही विचार करावा लागतो. गारांनी फळावर डाग पडले असतील तर माल कमी झाला आणि प्रतही घसरली. मग भावातील बदल आवकेमुळे की प्रतीमुळे, हा प्रश्न उरतोच.

वही कशी ठेवावी?

महाराष्ट्रातील अभ्यासकाला आकड्यांची वानवा नाही. राज्य कृषी पणन मंडळ आणि केंद्र सरकारचे ‘अ‍ॅगमार्कनेट’ हे संकेतस्थळ बाजार समित्यांतील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर प्रसिद्ध करतात. मात्र आकडे घेताना काही गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट प्रतीची. लाल कांदा आणि उन्हाळी कांदा, किंवा एक नंबर आणि तीन नंबरचा पेरू एकाच स्तंभात मिसळले तर रेषा फळांची न राहता खिचडीची होते. दुसरी गोष्ट काळाची. दहा वर्षांपूर्वीचा शंभर रुपये भाव आणि आजचा शंभर रुपये भाव सारखा नाही. महागाईचा हिशेब वजा करूनच तुलना करावी. तिसरी गोष्ट विक्री आणि मागणी यांतील भेदाची. दुपारी दोनलाच माल संपला तर वहीत ५० किलोंची नोंद होते, पण मागणी कदाचित ८० किलोंची असते. अशा दिवसांवर खूण हवी. चौथी गोष्ट घासाघिशीची. पाटीवरचा भाव ८० असेल आणि गिऱ्हाइकाने ७० ला नेले असेल तर नोंद ७० ची व्हावी.

रेषा कोणाची आहे, हेही विसरून चालत नाही. रस्त्यावरच्या एकाच विक्रेत्याने भाव वाढवला तर गिऱ्हाईक दहा पावले चालून शेजाऱ्याकडे जाते. सगळ्यांनी मिळून वाढवला तर जायला जागा उरत नाही. एका दुकानाची लवचिकता म्हणूनच संपूर्ण बाजाराच्या लवचिकतेपेक्षा बरीच अधिक असते. एकाची रेषा दुसऱ्याला लावणे धोक्याचे.

रेषेची हद्दही लक्षात ठेवावी. वरील उदाहरणात भाव १२० रुपये झाला तर साध्या दिवशी विक्री शून्य होईल असे समीकरण सांगते. वास्तवात एखादा हौशी ग्राहक तेव्हाही घेईल. विक्रेत्याने साध्या दिवशी ४० ते ८० रुपयांच्या दरम्यानच भाव लावून पाहिला आहे. त्यापलीकडचे उत्तर गणिताचे आहे, अनुभवाचे नाही. शिवाय पाच दिवसांच्या आधारावर काढलेला १.२ हा आकडा नेमका नसतो. नेहमीच्या ९५ टक्के विश्वासार्हतेच्या कसोटीने तो साधारण १ ते १.४ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. नोंदी वाढल्या की ही फट कमी होते.

गाडगीळांचा वारसा

बाजार समजून घेण्यासाठी बाजारात जाऊन मोजणी करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० मध्ये झाली आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी हाती घेतली. तिचा अहवाल १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. फळ बागेतून निघून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत वाटेत कोण कोण असते, याचा तो आरंभीचा पद्धतशीर अभ्यास होता. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासह लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत सहभागी झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष बनले. कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. ते लोणी आज राहाता तालुक्यात आहे. आकडेमोड करणारा अर्थशास्त्रज्ञ आणि माल पिकविणारा शेतकरी एका टेबलाशी बसल्यावर काय उभे राहते, याचे ते उदाहरण.

आजच्या विक्रेत्याला किंवा शेतकरी गटाला असा अर्थशास्त्रज्ञ मिळेलच असे नाही, पण चकवा टाळण्याचा एक उपाय त्याच्या हातात आहे. महिनाभर भाव गर्दी पाहून न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवावा. ५०, ६०, ७० आणि ८० अशा चार चिठ्ठ्यांपैकी जी निघेल तो त्या दिवसाचा भाव. चिठ्ठीला गुरुवार ठाऊक नसतो, पाऊसही नाही. त्यामुळे भाव आणि गर्दी यांची सांगड तुटते आणि महिन्याच्या शेवटी काढलेली रेषा मागणीचे खरे रूप दाखवण्याची शक्यता खूप वाढते. त्यापायी काही दिवशी थोडी कमाई सोडावी लागेल. ती त्या ज्ञानाची किंमत होय.

मोठ्या बाजारात आणि सरकारी धोरणात मात्र चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. तेथे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो : त्या दिवशी भाव का बदलला? पुरवठा घटल्याने बदलला असेल तर रेषा मागणीविषयी बोलते. ग्राहक वाढल्याने बदलला असेल तर ती मागणीविषयी काहीच सांगत नाही, उलट दिशाभूल करते. संगणक रेषा काढून देतो, हे उत्तर देत नाही. ते बाग, चाळ, लिलाव आणि रस्ता माहीत असलेल्या माणसाकडेच मिळते. त्याच्याशी न बोलता काढलेल्या रेषेवर निर्यातीचा किंवा आयातीचा निर्णय बेतला गेला, तर चुकीची किंमत मोजावी लागते ती शेतकऱ्याला नाहीतर ग्राहकाला.